जबडा दुखतोय? पनाडोल घे आणि बसमध्ये बस!



आधी एक साधी गोष्ट करून बघा. दोन्ही कानांच्या अगदी पुढे, जिथे पुरुषांच्या दाढीचे कल्ले असतात तिथे, एकेक बोट ठेवा. आता तोंड हळूच उघडा आणि मिटा. बोटाखाली काहीतरी हललं ना? तो तुमच्या जबड्याचा सांधा. गुडघा, खांदा, कोपर यांच्यासारखाच एक सांधा. फरक एवढाच की गुडघा दुखला तर हाडांचा डॉक्टर असतो, दाढ दुखली तर दातांचा डॉक्टर असतो. हा सांधा दुखला, की दीड हजार दिरहॅम पगारावर यूएईत राबणाऱ्या माणसाला कोणीच नसतं.

आजचा लेख त्या 'कोणीच नसतं'बद्दल आहे.

शारजा-दुबईच्या कॅम्पांमध्ये आपल्या लोकांचे विम्याचे फॉर्म भरून देताना काही वाक्यं मी पुन्हा पुन्हा ऐकतो. "सकाळी उठलो की तोंडच उघडत नाही." "कानात ठणकतं, पण कानाचा डॉक्टर म्हणतो कान चांगला आहे." "जेवताना कानाजवळ कट्-कट् वाजतं." "रूममधली पोरं म्हणतात, तू रात्रभर दात खातोस." ही वाक्यं बोलणारे मचाण बांधणारे आहेत, टॅक्सीवाले आहेत, रात्रपाळीचे सिक्युरिटी गार्ड आहेत, हॉस्पिटलात काम करणाऱ्या आणि दुसऱ्यांच्या घरात राबणाऱ्या बायका आहेत. रत्नागिरीचे, रायगडचे, सोलापूरचे, नांदेडचे. आणि सगळ्यांना मिळालेलं उत्तर जवळपास एकच: पनाडोल घे आणि बसमध्ये बस.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. जबड्याचं दुखणं हे खरं दुखणं आहे. बहुतेक वेळा ते चाकू न लावता, फार खर्च न करता आटोक्यात येतं. तरीही आपल्या माणसाची चांगली दाढ उपटली जाते, झोप जाते, महिनोन् महिने गोळ्यांवर निघतात. याला नशीब म्हणू नका. ही एक व्यवस्था आहे, आणि ती कोणाच्या तरी सोयीची आहे.

आधी दुखणं समजून घ्या

हा सांधा बिजागरीसारखा फिरतो आणि शिवाय पुढे-मागे सरकतोही. आत दोन हाडांच्या मधे एक छोटी चकती असते, गादीसारखी. गालातले आणि कानशिलावरचे स्नायू जबडा ओढतात. दात घट्ट आवळा आणि गालावर हात ठेवा, जो गोळा टणक होतो तो जबड्याचा मुख्य स्नायू. शरीरातल्या ताकदवान स्नायूंपैकी हा एक.

दुखणं साधारण तीन प्रकारचं असतं. एक, स्नायू दमून-आखडून दुखतात. हे सगळ्यात जास्त दिसतं. दोन, आतली चकती जागेवरून सरकते. मग आवाज येतो, कधी तोंड अर्ध्यावर अडकतं. तीन, सांध्यालाच संधिवात होतो. बऱ्याच जणांत हे प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. दुखणं फक्त जबड्यात राहत नाही. कानात, कानशिलात, मानेत, दातांत, कुठेही जाणवतं. म्हणूनच माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो, मग डोकेदुखीची गोळी घेतो, आणि शेवटी दातांच्या खुर्चीत बसून दाढ काढून येतो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल, तर घाबरायचं काही कारण नाही. अशा आवाजाला उपचार लागत नाही. तोंड किती उघडतं हे बघायला तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून समोरच्या दातांच्या मधे उभी घाला. तीन बोटं जात असतील तर बहुतेक ठीक आहे. दोनच जात असतील तर लिहून ठेवा, तारखेसकट. का, ते पुढे येईलच.

धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटाचा

आता मुद्द्याकडे येऊ. हा सांधा नक्की कोणाचा?

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांना क्रमांक द्यायची जी दहावी यादी केली, तिच्यात जबड्याच्या सांध्याचे विकार 'के ०७.६' या क्रमांकाखाली आहेत. म्हणजे तोंड, दात आणि पचनाच्या कप्प्यात. त्याच यादीची अमेरिकेने स्वतःसाठी सुधारून घेतलेली आवृत्ती यूएईत विम्याच्या बिलांसाठी वापरतात. तिच्यात हाच विकार 'एम २६.६' आहे, म्हणजे हाडं आणि स्नायूंच्या कप्प्यात. सांधा तोच, माणूस तोच, फक्त कप्पा वेगळा. आणि विमा कंपनी पैसे देणार की नाही, हे या कप्प्यावर लटकलेलं असतं.

दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने मालकाने कामगाराचा आरोग्य विमा काढणं सक्तीचं केलं. कमी पगाराच्या कामगारासाठी मूळ पॅकेज आहे. वर्षाला दीड लाख दिरहॅमपर्यंतची हमी कागदावर दिसते, आणि ऐकायला बरी वाटते. पण दात आणि हिरड्यांचे उपचार त्यात तातडीची वेळ सोडली तर येत नाहीत. जानेवारी २०२५ पासून शारजा, अजमान वगैरे उत्तरेकडच्या अमिरातींतही खासगी कामगारांचा आणि घरकामगारांचा विमा सक्तीचा झाला. तिथलं मूळ पॅकेज वर्षाला ३२० दिरहॅमपासून सुरू होतं. पाऊल चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण तुम्ही जबडा धरून काउंटरवर गेलात की काय होतं? समोरचा माणूस तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, "डेंटल. नॉट कव्हर्ड."

अरे बाबा, डेंटल कसं? गुडघा दुखला तर तू त्याला चप्पल-बुटाचा खर्च म्हणतोस का?

हा गोंधळ फक्त आखातातला नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने मार्च २०२० मध्ये या विकारांवर मोठा अहवाल काढला. वैद्यक एका बाजूला, दंतवैद्यक दुसऱ्या बाजूला, आणि मधे रोगी लटकलेला, ही तक्रार तिथेही आहे. विमेवाले तिथेही हात झटकतात. पण तिथला माणूस निदान आपल्या भाषेत भांडू शकतो, डॉक्टर बदलू शकतो, आणि भांडला म्हणून त्याचा व्हिसा जात नाही. आपल्यापाशी यातलं काय आहे, ते तुम्हीच सांगा.

दाढ उपटणं हा उपचार नाही

ज्याला कोणी वाली नाही, त्याचा उपचार जो पहिला भेटेल तो करतो. कॅम्पजवळच्या स्वस्त क्लिनिकमध्ये किंवा सुट्टीत गावी गेल्यावर घाईघाईने दाढ निघते. पंधरा दिवसांची सुट्टी, त्यात बहिणीचं लग्न, घराचं छप्पर, आणि एक दुपार दातांसाठी. दाढ जाते. दुखणं राहतं. मग शेजारची दाढ.

म्हणून हे वाक्य पाठ करा: किडलेल्या दाताचा पुरावा नसेल तर जबड्याच्या दुखण्यासाठी दात काढू देऊ नका. दात घासून 'चावा जुळवून देतो' म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. जे परत करता येत नाही, ते पहिल्या भेटीत करायचं नसतं. अमेरिकेत १९८० च्या दशकात या सांध्यात टेफ्लॉन लावलेले कृत्रिम तुकडे बसवले गेले. ते झिजले, आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं, आणि शेवटी ते बाजारातून परत मागवावे लागले. घाईच्या उपचाराने काय होतं, त्याचं हे उदाहरण जगासमोर आहे.

मग चालतं काय? २०२३ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट जबडेदुखीवर मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत ठामपणे सुचवलेल्या गोष्टी बघा: जबड्याचे आणि मानेचे शिकवून करून घेतलेले व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या हाताने स्नायू मोकळे करणं, आणि दुखण्याशी जगताना मनाला आधार देणारी बोलण्याची उपचारपद्धत. दात कायमचे बदलणारे उपाय आणि चकती काढून टाकायची शस्त्रक्रिया यांना त्यांनी साफ विरोध केला आहे. बरेचसे दातवाले पहिल्याच दिवशी विकतात ती काढ-घाल करता येणारी प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा जुनाट दुखण्यावर पहिला उपाय म्हणून त्यांनी सुचवलेली नाही. रात्री दात खाऊन दात झिजत असतील तर दातांच्या रक्षणासाठी पट्टी देतात, तो प्रश्न वेगळा.

म्हणजे उत्तम उपचार फिजिओथेरपीत आहे. आणि दुबईच्या मूळ पॅकेजमध्ये फिजिओथेरपी किती? वर्षाला ६ वेळा, तीही आधी मंजुरी घेऊन. सहा तर सहा! ते सहा तरी कोणी सांगतं का तुम्हाला? विमा कार्ड हातात देताना एचआरवाला सही घेतो, माहिती देत नाही.

'टेन्शन घेऊ नका' म्हणणाऱ्यांना

कॅम्पातला डॉक्टर कधीकधी बरोबर निदान करतो. म्हणतो, "तुम्ही दात आवळता. टेन्शन घेऊ नका." आणि पुढच्या माणसाला बोलावतो.

इथे मला थांबवू नका, कारण इथेच खरं भांडण आहे.

दात आवळणं, रात्री दात खाणं, अपुरी झोप, ताण, चिंता, जबड्याला लागलेला मार, संधिवात, अशी अनेक कारणं या दुखण्यामागे असतात. एकच एक कारण बहुतेक वेळा सापडत नाही. प्रत्येक दुखरा जबडा कंपनीने दुखवला, असा माझा दावा नाही. पण ताण आणि झोप ही कारणं मान्य करायची आणि तो ताण, ती झोप कुठून येते हे विचारायचंच नाही, हे चालणार नाही.

आपल्या मराठीत म्हण आहे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आपल्या म्हाताऱ्यांना शरीरशास्त्र माहीत नव्हतं, पण मार खाणाऱ्याच्या तोंडाचं काय होतं ते माहीत होतं. मुदीर सगळ्यांसमोर आईवरून शिवी देतो तेव्हा तुम्ही काय करता? दात आवळता. पगार दोन महिने अडकतो आणि बायको फोनवर शाळेची फी विचारते तेव्हा? दात आवळता. भारत सरकारचा नियम सांगतो की नोंदणीकृत एजंटने ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि यूएईचा कायदा सांगतो की भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचाच नाही. तरी तुम्ही किती देऊन आलात? ते कर्ज रात्री झोपेत कोण चावतं?

झोपेचंही बघा. राहायच्या जागेत माणशी किमान ३ चौरस मीटर असायला हवेत, असा इथला नियम आहे. तीन चौरस मीटर म्हणजे एक खाट आणि खाटेखालची बॅग. वरच्या खाटेवरचा रात्रपाळीचा, खालचा दिवसपाळीचा, मधल्याचा अलार्म साडेतीनला. २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम, सलग ५ तासांनंतर किमान एक तास विश्रांती, आणि ओव्हरटाइम सर्वसाधारणपणे दिवसाला २ तासांपेक्षा जास्त नाही, असं लिहिलं आहे. घरकामगारांसाठी २०२२ चा वेगळा कायदा आहे. त्यात रोज १२ तास विश्रांती आणि त्यातले ८ तास सलग, असं आहे. सलग आठ तास! रात्री दोनदा बाळाला उठून घेणाऱ्या, पहाटे डबा करणाऱ्या आणि पाहुणे गेल्याशिवाय पाठ न टेकणाऱ्या ताईला विचारा, सलग आठ तास कशाला म्हणतात. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो, आणि 'बायकांचं असंच असतं' म्हणून सगळ्यात आधी त्यांनाच घरी पाठवलं जातं.

तेव्हा डॉक्टरसाहेब, 'टेन्शन घेऊ नका' हे औषध लिहायचं असेल तर ते कंपनीच्या लेटरहेडवर लिहा. टेन्शन आम्ही घेत नाही हो, ते आम्हाला दिलं जातं.

आणि आपल्याच माणसांना

मालकाला बोलणं सोपं आहे. आता घरातलं बोलू.

"आपण कमवायला आलोय, जबडा चोळायला नाही." हे वाक्य मला फोरमनने ऐकवलेलं नाही, आपल्याच लोकांनी ऐकवलं आहे. ज्याला दोन घास चावता येत नाहीत तो किती दिवस कमावणार? दिवसभर ऊन, आणि रात्री चावता येत नाही म्हणून चहात बुडवलेलं बिस्किट. असा माणूस मचाणावर चढतो तेव्हा धोका त्याच्या एकट्याचा नसतो.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. पनाडोल म्हणजे पॅरासिटामॉल. ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या ही निरोगी, धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा आहे, रोजचा खुराक नव्हे. सर्दीच्या गोळीतही तेच औषध असतं, ते धरून मोजा. ब्रूफेनसारख्या गोळ्या उपाशी पोटी आणि घामाने अंग सुकलेलं असताना घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. उन्हाळ्यात साइटवर काम करणाऱ्याने तर त्या डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात. महिन्यातले निम्मे दिवस गोळी लागत असेल तर गोळीच डोकेदुखी वाढवते. आणि गावाहून येताना कोणाच्या सांगण्यावरून ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या गोळ्या बॅगेत टाकू नका. यूएईत ही नियंत्रित औषधं आहेत; रीतसर परवानगीशिवाय ती विमानतळावर सापडली तर दुखणं बाजूला राहील आणि तुरुंग पुढे येईल.

तिसरी गोष्ट कडू आहे. गुटखा, सुपारी, मावा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, इथेही तो विकायला मनाई आहे, आणि कॅम्पात तो कसा मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते आणि तोंड उघडणं कमी-कमी होत जातं. तिखट लागलं की आग होते. हे जबड्याच्या सांध्याचं दुखणं नाही, हा वेगळा आजार आहे आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. दोन्हींत तोंड उघडत नाही, म्हणून डॉक्टरला काय खाता ते खरं सांगा. लाज वाटायचं कारण नाही.

आज रात्रीपासून काय करायचं

हक्क मिळेपर्यंत जबडा थांबत नाही. म्हणून हे करा:

- दिवसा आठवण ठेवा: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी टेकलेली. दात एकमेकांना फक्त घास चावताना टेकायला हवेत. मोबाइलवर दर तासाचा गजर लावा, किंवा हेल्मेटच्या आत टेपचा तुकडा चिकटवा. दिसला की जबडा सैल सोडा.
- आठ-पंधरा दिवस मऊ खा: पेज, खिमट, वरण-भात, उपमा, अंडी, डाळीत भिजवलेला खुबूस. चिवट मटण, भाजलेले चणे, च्युइंगम बंद. घास छोटा घ्या, दोन्ही बाजूंनी चावा.
- गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालावर १५-२० मिनिटं ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. त्वचा भाजणार नाही एवढाच गरम. नुकताच मार लागला असेल तर गरम नको, कपड्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा.
- जांभई येईल तेव्हा मूठ हनुवटीखाली धरा, म्हणजे तोंड एकदम आ वासणार नाही. फोन खांद्यात दाबून बोलू नका. पोटावर झोपू नका.
- जीभ टाळूला लावून, दुखणार नाही एवढंच तोंड हळू उघडा आणि मिटा. सहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. दुखणं वाढलं तर थांबा.
- संध्याकाळनंतर कडक चहा आणि सिगारेट कमी करा. रात्री दात खाण्याशी दोन्हींचा संबंध दिसतो.

बहुतेकांना काही आठवड्यांत फरक पडतो. नाहीच पडला तर डॉक्टर गाठा.

इथे मात्र एक मिनिटही थांबू नका

जबड्यात दुखतंय आणि सोबत छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हाताला कळ असेल, किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, तर हे हृदयाचं असू शकतं. ९९८ वर फोन करून अॅम्ब्युलन्स बोलवा. फोरमनची परवानगी नंतर.

खिळा, पत्रा लागून जखम झाली आणि काही दिवसांनी जबडा आखडायला लागला, तर धनुर्वाताची शंका. सरळ हॉस्पिटल. गाल सुजला, ताप आहे, गिळता येत नाही, तरीही तेच. जांभईनंतर तोंड उघडंच राहिलं, मिटत नाही, तर कोणा मित्राला ओढायला लावू नका. डॉक्टरच ते बसवेल. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चावताना जबडा दुखतो, कानशील ठणकतं आणि नजर धूसर होते, तर त्याच दिवशी दाखवा; डोळा जाऊ शकतो. तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा गाठ असेल तरी लगेच दाखवा.

कागद, कागद आणि कागद

आता हक्काचं. तोंडी भांडण हरलेलं भांडण असतं.

एक वही करा. तारीख, किती बोटं तोंड उघडलं, किती तास ड्युटी, किती तास झोप, कोणती गोळी. डॉक्टरकडे गेलात की निदान लिहून मागा आणि विचारा, क्रमांक कोणता टाकला. जबड्याच्या सांध्याचं निदान असेल तर 'एम २६.६' दिसायला हवा. नुसतं 'दातदुखी' लिहून घेऊन येऊ नका. फिजिओथेरपीची चिठ्ठी मागा. जमल्यास तोंड आणि जबड्याच्या शल्यचिकित्सकाचा सल्ला मागा. सल्ला मागणं म्हणजे ऑपरेशन करून घेणं नव्हे.

विम्याने नाही म्हटलं तर कारण लेखी मागा आणि पॉलिसीतलं कोणतं कलम ते विचारा. काही पॉलिसींत या सांध्याचं नाव घेऊन अपवाद टाकलेला असतो, तो आधी वाचून घ्या, कोणाकडून तरी वाचून घ्या. अपवाद नसताना नाकारलं, तर दुबईत आरोग्य प्राधिकरणाकडे विम्याची तक्रार करता येते. विम्याचा हप्ता मालकाने भरायचा असतो. पगारातून कापला असेल तर पगाराची पावती जपून ठेवा.

प्रोबेशन संपल्यावर वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारपणाची रजा आहे: पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा, उरलेले बिनपगारी. आजारी पडल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाला कळवायचं आणि डॉक्टरचा दाखला द्यायचा. व्हॉट्सअॅपवर कळवा, म्हणजे पुरावा राहतो. तास, पगार, रजा यांची तक्रार मानव संसाधन मंत्रालयाच्या ८००८४ या क्रमांकावर. भारतीय दूतावासाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा क्रमांक ८०० ४६३४२. दोन्ही फोनमध्ये आजच टाकून ठेवा, आणि रूममधल्या सगळ्यांच्या फोनमध्येही.

आमची मागणी

फार मोठी नाही. मूळ विमा पॅकेजमध्ये जबड्याचा सांधा हा सांधा म्हणून मोजा, दात म्हणून नाही. फिजिओथेरपीच्या सहा वेळा आहेत हे कामगाराला त्याच्या भाषेत सांगा, हिंदीत, मराठीत, बंगालीत, जी त्याला कळते तिच्यात. कॅम्पच्या दवाखान्यात निदान एका डॉक्टरला तीन बोटांची तपासणी करता यावी. आणि जे कायद्यात आधीच लिहिलेलं आहे, आठ तासांचं काम, सलग झोप, वेळेवर पगार, ते द्या. याला नवा पैसा लागत नाही. लाज लागते.

भारत सरकारलाही सांगणं आहे. परदेशी जाणाऱ्या कामगाराला निघण्यापूर्वी जे प्रशिक्षण देता, त्यात इमिग्रेशनच्या रांगेत कसं उभं राहायचं याबरोबर विमा कार्डावर काय मिळतं हेही शिकवा.

आणि तुम्हाला, वाचणाऱ्याला, एवढंच सांगणं. उद्या सकाळी रूममधला कोणी गाल धरून बसला असेल तर त्याला पनाडोल देण्याआधी विचारा: तीन बोटं जातात का? नसतील जात, तर त्याला एकट्याला क्लिनिकला पाठवू नका. सोबत जा. ज्याचं तोंड उघडत नाही, त्याच्या वतीने बोलायला दुसरं तोंड लागतं.